सेल्फ मारला, आणि ‘टक्’

१ जून ते ३१ जुलै. पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारीबंदीचे हे ६१ दिवस संपत आले की शाकारून ठेवलेल्या बोटींवरची आच्छादनं उतरतात. इंजिनाला नवा रंग लागलेला असतो, जाळी दुरुस्त होऊन तयार असतात, बर्फ आणि डिझेल कधी भरायचं तेही ठरलेलं असतं. समुद्राला नारळ देऊन होतो. मग तांडेल केबिनमध्ये जातो आणि चावी फिरवतो. खालून, इंजिनाच्या अंधारातून, एकच आवाज येतो: ‘टक्’. पुन्हा चावी. पुन्हा ‘टक्’.

धक्क्यावर जमलेल्या प्रत्येकाचं निदान तयार असतं. पहिलं निदान ‘बॅटरी उतरली’. नवी बॅटरी येते, जोडली जाते, आणि आवाज तोच. मग ‘सेल्फ गेला’. सेल्फ उतरवून गावात नेतात, कार्बन बदलून आणतात, बसवतात. ‘टक्’. दोन दिवस गेलेले असतात, खिशाला हजारोंचा खड्डा पडलेला असतो आणि शेजारच्या बोटी कोळंबी घेऊन परतलेल्या असतात.

ही कुणा एका बोटीची गोष्ट नव्हे. हंगामाच्या सुरुवातीला ती कुठल्या ना कुठल्या बंदरात घडतेच. कारण बोटीवरची वीज बहुतेक वेळा भागांत अडत नाही, दोन भागांमधल्या सांध्यात अडते. आणि सांध्याची गंमत अशी, की तो नुसता बघून कळत नाही, नुसता मोजूनही कळत नाही. त्याच्यातून करंट धो धो वाहत असतो तेव्हाच तो आपला दोष कबूल करतो.

मोठी वाट, छोटी वाट

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टनने हवा इतकी दाबायची, की ती तापावी आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. पण ही दाबादाबी सुरू होण्यासाठी इंजिन आधी बाहेरून कुणीतरी वेगाने फिरवून द्यावं लागतं. छोट्या एक-सिलिंडर इंजिनाला हँडल मारून भागतं. चार किंवा सहा सिलिंडरच्या धुडाला हँडल मारणारा भीम कुठून आणायचा? तिथे सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. ती काही सेकंदच चालते, पण तेवढ्या वेळात १२ व्होल्टच्या बॅटरीतून २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढते. घरातला छताचा पंखा अर्ध्या अँपिअरवरही जात नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे या ओढीची कल्पना येईल. मोठ्या ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात. तिथे पुढचे बॅटरीचे आणि चार्जिंगचे आकडे दुप्पट धरावेत.

या करंटची वाट अशी: बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक, जाड केबल, मेन स्विच, पुन्हा केबल, सोलेनॉइड, मोटर. मोटरचं लोखंडी अंग इंजिनाला बोल्टने आवळलेलं, म्हणून पुढची वाट इंजिनाच्या अंगातूनच. तिथून अर्थची केबल आणि शेवटी बॅटरीचं निगेटिव्ह टोक. जाणारी वाट लाल केबलची, म्हणून ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. येणारी वाट काळी, इंजिनाच्या पायाशी तेलकट कोपऱ्यात पडलेली; तिच्याकडे कुणी बघत नाही. करंटला मात्र दोन्ही सारख्याच लागतात. या पूर्ण फेरीत क्लॅम्प, थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं), नट, बोल्ट, स्विचचे कॉन्टॅक्ट असे सांधे मोजले तर दहा-बारा सहज भरतात.

याशिवाय एक छोटी वाट असते. चावी फिरवली की एक बारीक वायर केबिनमधून, गिअर न्यूट्रलमध्ये आहे की नाही हे पाहणाऱ्या स्विचमधून, इंजिनाजवळच्या मोठ्या प्लगमधून सोलेनॉइडपर्यंत निरोप नेते: ‘दार उघड’. सोलेनॉइडमधल्या तारेच्या गुंडाळीचं चुंबक होतं, लोखंडी दांडा आत ओढला जातो. तो दोन कामं एकदम करतो: सेल्फचं छोटं दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दातांत सरकवतो आणि मोठ्या वाटेचे जाड तांब्याचे कॉन्टॅक्ट जोडतो. आपल्याला ऐकू येतो तो ‘टक्’ या दांड्याचा. म्हणजे ‘टक्’ ऐकू आला, तर छोट्या वाटेने निरोप बहुधा पोचला. घोटाळा मोठ्या वाटेवर आहे. आवाजच नाही, तर आधी छोटी वाट तपासायची. एवढा एक भेद कळला तरी निम्मी धावपळ वाचते.

कळक

रस्त्यावरच्या ट्रकला हीच बॅटरी, हाच सेल्फ, हीच वायर असते. मग बोटीलाच हे दुखणं इतकं का?

याचं उत्तर स्वयंपाकघरात सापडतं. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असायचं. तांब्याचे हिरवट क्षार अन्नात उतरतात, तोच कळक. बोटीवर आंबट ताकाचं काम खारा वारा करतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषार उडतात, पाणी वाळतं, क्षार सांध्यावर बसतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं या थरालाही सुटतं. कारण समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेण्यात मिठापेक्षाही पटाईत. म्हणजे एकदा खार बसली की बोट धक्क्यावर उभी असली तरी सांधा ओलाच. तांबं हिरवं पडतं, लोखंड गंजतं आणि दोन धातूंच्या मध्ये वीज नीट वाहू न देणारा पातळ पापुद्रा तयार होतो. बंदीचे दोन महिने नेमके भर पावसाळ्याचे. या काळात सांध्यांना दुसरं कामच नसतं.

वायरीच्या आतही हे घडतं. वायर म्हणजे बारीक तारांचा जुडगा. कापलेल्या टोकातून ओलावा केशाकर्षणाने, वातीत तेल चढावं तसा, प्लास्टिकच्या आवरणाखालून आत चढत जातो. बाहेरून वायर नवी कोरी; सोलून पाहावी तर आत वीतभर काळी पडलेली. भांडं कळकू नये म्हणून कल्हई करायची, म्हणजे आतून कथलाचा हात द्यायचा, हा उपाय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. समुद्रावर वापरायच्या चांगल्या वायरीतही हेच असतं: तिच्यातल्या प्रत्येक तारेला कथलाचा मुलामा दिलेला असतो. रंगाने ती चांदीसारखी दिसते, किमतीने महाग असते आणि टिकते जास्त. घरगुती फिटिंगची तांबडी वायर बोटीत ओढणं म्हणजे बिनकल्हईच्या पातेल्यात कढी करणं.

आणखी एक चोर बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात लपलेला असतो. खारं पाणी तांब्याच्या तुलनेत अगदीच वाईट वाहक, सुमारे एक कोटी पटीने वाईट. पण सोलवटलेली पॉझिटिव्ह वायर त्यात पडली तर थोडा करंट गळतोच, आणि गळताना तांबं विरघळवत नेतो. किती, याचा हिशेब मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात घालून दिला: एक अँपिअर करंट तासभर वाहिला, तर साधारण १.२ ग्रॅम तांबं पाण्यात जातं. गळती एक दशांश अँपिअरची धरली तरी दिवसाला जवळजवळ तीन ग्रॅम. एवढ्यात बारीक वायरीचा तुकडा दिसेनासा होतो, आणि बॅटरी उतरते ती वेगळीच.

फॅरडेचे गुरू हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये याच विद्येचा चांगला उपयोग करून पाहिला होता. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असे आणि तो समुद्रात झिजे. डेव्हींनी त्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. आता तांब्याऐवजी तेच झिजू लागले आणि तांबं शाबूत राहिलं. पण तांबं विरघळायचं थांबलं, तशा तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले. विरघळणारं तांबंच त्यांना आजवर विष होऊन दूर ठेवत होतं. नौदलाने तो प्रयोग सोडून दिला. कल्पना मात्र टिकली. आज बोटीच्या तळाला, पंख्याच्या दांड्यापाशी लावतात ते जस्ताचे ठोकळे ही तीच युक्ती. ते झिजतात म्हणून हळहळू नये, झिजणं हीच त्यांची नोकरी. काळजी करायची ती वर्षभरात ठोकळा जराही झिजला नाही तर. म्हणजे त्याचा सांधा तुटलेला आहे किंवा कुणीतरी त्यावर रंग फासला आहे.

शंभरांश ओहमची किंमत

आता थोडं गणित, पण पाढ्याइतकंच सोपं. सांध्यावरच्या पापुद्र्याचा रोध समजा फक्त ०.०१ ओहम आहे, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग. सेल्फ २०० अँपिअर मागतो. ओहमच्या नियमाने दोघांचा गुणाकार केला की त्या सांध्यावर पडणारे व्होल्ट मिळतात: दोन. जोर लावताना चांगली बॅटरीही साडेदहा-अकरा व्होल्टपर्यंत खाली येते. त्यातून दोन एका सांध्याने खाल्ले तर मोटरच्या पदरात उरतात साडेआठ-नऊ. असे दोन सांधे असले, की मोटरला फिरायचं त्राणच राहत नाही. आणि खाल्लेले व्होल्ट जातात कुठे? दोन व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ४०० वॉट. छोट्या इस्त्रीइतकी उष्णता त्या एका नटाखाली. म्हणूनच जुने मिस्त्री सेल्फ मारून झाल्यावर केबलच्या टोकांवर पटापट हात फिरवतात. जो सांधा गरम, तोच चोर. हे निदान फुकटातलं आणि क्वचितच चुकणारं. मात्र हात जपून, सांधा भाजण्याइतका तापलेला असू शकतो.

आता तोच ०.०१ ओहम मल्टिमीटरच्या ओहम खुणेवर ठेवून मोजायला जा. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. मीटर म्हणेल, ‘सगळं ठीक.’ व्होल्टवर ठेवून मोजलं तर तो आणखी फसवेल. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. तो अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या करंटवर समाधानी असतो. केबलची एकच तार जिवंत असली, तरी तेवढा करंट सुखाने येतो आणि मीटरवर झळकतात १२.६ व्होल्ट. माणूस म्हणतो, ‘करंट तर येतोय!’ करंट येत नसतो, येण्याची नुसती शक्यता येत असते. नळाला तोटी बंद असताना दाब भरपूर असतो. बादली लावल्यावरच पाइप किती चोंदलाय ते कळतं.

म्हणून नियम एकच: काम चालू असताना मोजा.

मीटर घेऊन वाट चालणं

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर काही न चालवता शांत ठेवलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर आणखी खरं बोलतो. सहाही घरांतल्या आम्लाची सापेक्ष घनता तपासायची. भरलेल्या घरात आकडा १.२५-१.२७ च्या आसपास येतो. पाच घरं एकसारखी आणि सहावं खूप मागे, तर ती बॅटरी खरोखरच संपली. सगळी सारखीच खाली असली तर ती मेलेली नाही, उपाशी आहे. चार्ज करा आणि पुढे चला.

मग डिझेल बंद करायचा लिव्हर ओढून धरायचा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. एकाने चावी धरायची, दुसऱ्याने मीटर. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये सेल्फला थंड व्हायला वेळ द्यायचा. ज्या बोटींत थंडाव्याचं समुद्राचं पाणी धुराच्या नळीतून बाहेर सोडलेलं असतं, तिथे आणखी जपावं. इंजिन पेटलंच नाही तर ते पाणी बाहेर फेकायला धूर नसतो. नळी भरते आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. अशा इंजिनावर सेल्फचा जोर लावला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि शंभर रुपयांचा बिघाड लाखात जातो. म्हणून अशा बोटीवर सेल्फ पुन्हा पुन्हा मारायची वेळ आली, तर पाण्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा. इंजिन पेटल्याक्षणी मात्र तो उघडायला विसरू नये.

पहिलं माप: चावी धरलेली असताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर. क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर. साडेनऊ-दहाच्या खाली कोसळलं तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन भलताच करंट ओढतोय. साडेदहाच्या वर टिकून राहिलं आणि तरीही इंजिन ढिम्म, तर बॅटरी निर्दोष. बाजारात जायची गरज नाही.

आता वाट चालायची. मीटरची लाल काडी पॉझिटिव्ह खुंटीवर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. म्हणजे मीटर एकाच केबलच्या दोन टोकांना. नवशिक्याला हे विचित्र वाटतं, एकाच वायरीवर व्होल्ट कसे दिसतील? चांगल्या वायरीवर नाहीच दिसत, आणि तीच तर मेख आहे. चावी धरल्यावर या जाणाऱ्या वाटेवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, की त्या वाटेवर कुणीतरी जकात घेतोय. मग एकेक सांधा घ्यायचा: खुंटी आणि क्लॅम्प, क्लॅम्प आणि केबल, मेन स्विचची दोन टोकं, सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट. धडधाकट सांध्यावर मीटर एक दशांश व्होल्टही दाखवत नाही. जिथे अचानक व्होल्ट, दोन व्होल्ट उमटतात, तिथे पाना लावा.

मग तेच येणाऱ्या वाटेवर: एक काडी निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या उघड्या धातूच्या अंगावर. इथे पाव व्होल्टच्या आत असावं. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. अर्थ खराब असला की करंट कधीकधी भलत्याच वाटा शोधतो, एखाद्या बारीक वायरीतून किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो आणि ती जळून धूर निघतो. मग दोष बिचाऱ्या केबलवर येतो.

केबल जाड का हवी, तेही याच हिशेबात येतं. जाऊन-येऊन चार मीटर तांब्याची केबल ५० चौरस मिलिमीटरची असेल तर २०० अँपिअरला ती स्वतः पाव व्होल्टच्या आसपास खाते. त्याच जागी १६ चौरस मिलिमीटरची घातली तर पाऊण व्होल्टच्या वर. सांधे कितीही घासले तरी ही तूट भरून निघत नाही.

छोट्या वाटेसाठी मीटरपेक्षा गाडीच्या ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब बरा. दोन वायरी लावल्या की झाला टेस्ट लॅम्प. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कुजक्या वायरीतून त्याला फसवता येत नाही, तो मिणमिणतो. सोलेनॉइडच्या बारीक टोकावर बल्ब लावून चावी फिरवा. लख्ख पेटला तर निरोप पोचतोय. मंद असला तर मागे मागे जा: इंजिनाजवळचा मोठा प्लग, न्यूट्रलचा स्विच, चावीचा स्विच, फ्यूज. यात प्लग हा पहिला संशयित. त्याच्या पिना सोडवून पाहिल्या की बहुतेक वेळा हिरव्या निघतात.

कान तयार असला तर निम्मं काम मीटरआधीच होतं. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर सोलेनॉइड ओढला जातोय, करंट मागताच व्होल्ट कोसळतायत, दांडा सुटतोय आणि पुन्हा ओढला जातोय: बॅटरी उपाशी किंवा एखादा सांधा फार वाईट. कण्हत कण्हत फिरणारं इंजिन म्हणजे तेच दुखणं, थोडं सौम्य. मोटर सूंऽऽ करून फिरते पण इंजिन हलत नाही, तर दातेरी चाक पुढे सरकत नाहीये. तिथे विजेला बोल लावू नये. आणि एकच ठाम ‘टक्’ म्हणजे दार उघडलं, पण आत कुणी आलं नाही: मोठ्या वाटेवरचा सांधा, सोलेनॉइडचे जळके कॉन्टॅक्ट, झिजलेले कार्बन, किंवा जाम झालेलं इंजिन.

रात्री उघडकीला येणारा दोष

साध्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालत राहण्यासाठी सहसा विजेची गरज नसते. हा त्याचा मोठा गुण, आणि लपलेला धोकाही. डायनमो, म्हणजे खरं तर अल्टरनेटर, सकाळीच मान टाकतो आणि इंजिन दिवसभर काही न बोलता चालत राहतं. दिवे, जीपीएस, मासे शोधायचं यंत्र, वायरलेस, सगळं बॅटरीची शिल्लक खात असतं. रात्री कुठेतरी इंजिन बंद केलं जातं, आणि पुन्हा चावी फिरवताना कळतं. तेव्हा वायरलेसच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागायलाही व्होल्ट उरलेले नसतात. म्हणून सेल्फची बॅटरी वेगळी आणि दिवे-यंत्रांची वेगळी, ही चैन नसून दोरखंडाइतकी गरजेची गोष्ट आहे.

डायनमोची परीक्षा मिनिटाची. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं पाहिजे. १२ च्या घरातच रेंगाळलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी उकळून उडतंय. चार्जिंग नसेल तर डायनमो खोलण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली पट्टा: सैल पट्ट्याच्या आसपास काळी भुकटी सांडलेली असते. दुसरी पॅनेलवरचा चार्जिंगचा छोटा लाल दिवा. बऱ्याच डायनमोंना सुरुवातीचं चुंबकत्व या दिव्यातून येणाऱ्या चिमूटभर करंटनेच मिळतं. चावी चालू केली, इंजिन बंद आहे, आणि दिवा लागत नाही, तर आधी तो बल्ब बदला. काही रुपयांच्या बल्बपायी धडधाकट डायनमो दुकानात जातो. आणि चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘डायनमो चालतो का’ हे बघायची जुनी सवय सोडावी. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने आतले डायोड जातात.

छोट्या होड्यांवरच्या आउटबोर्ड इंजिनाची तऱ्हा उलटी. तिथे ठिणगी लागते, पण दोरीने ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच इंजिनांत ती बॅटरीतून येत नाही; फ्लायव्हीलवरचे चुंबक फिरताना गुंडाळीत वीज निर्माण होते. बंद करायचं बटण ती वीज अर्थला जोडून मारून टाकतं. म्हणजे बटणाची वायर खाऱ्या पाण्याने अर्थला चिकटली, किंवा चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायच्या दोरीची क्लिप जागेवर नसली, तर दोरी ओढून हात सोलवटतील, इंजिन पेटणार नाही. प्लग खोलण्याआधी क्लिप बघावी.

हात लावण्याआधी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून बॅटरीची जागा हवेशीर हवी. काढताना निगेटिव्ह केबल आधी, लावताना शेवटी; म्हणजे पाना चुकून इंजिनाला टेकला तरी ठिणगी पडत नाही. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून सेल्फ फिरवायची कसरत अनेकांनी केलेली असते. तिच्यात चावी आणि न्यूट्रलचा स्विच दोन्ही टाळले जातात. गिअर पडलेला असला तर बोट धक्क्यावर चढते. बॅटरीत खारं पाणी जाऊ देऊ नये, त्यातून क्लोरिन हा विषारी वायू सुटतो.

आणि सांधा बांधताना घाई नको. धातू चकाकेपर्यंत घासायचा. वायर थिंबलमध्ये योग्य पकडीने दाबून बसवायची, नुसती पिळून टेप गुंडाळलेली नव्हे. टेपखाली खारं पाणी सुखाने नांदतं. थिंबलच्या मानेवर उष्णतेने आकसणारी नळी. आधी नट आवळायचा, मग वरून पेट्रोलियम जेली. केबल दर वीतभर अंतरावर बांधून ठेवायची, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने ती नेमकी थिंबलच्या मानेशी तुटते. बंदीच्या काळात बॅटऱ्या घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज कराव्यात. उष्ण हवेत त्या नुसत्या बसल्या तरी उतरतात, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिल्या की प्लेटांवर कडक गंधकी थर चढून कायमच्या जातात.

आता त्या ‘टक्’कडे परत जाऊ. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मीटर घेऊन खाली उतरतो. चावी धरलेली असताना बॅटरीवर ११ व्होल्ट, जाणाऱ्या वाटेवर ०.३. येणाऱ्या वाटेवर मात्र साडेचार! अर्थची केबल इंजिनाला जिथे आवळली होती तो बोल्ट तो खोलतो. थिंबलखाली ना गंज, ना कळक. तिथे असतो बंदीच्या दिवसांत हौसेने मारलेला नवा रंग, चांगला दोन हातांचा. रंगातून वीज जात नव्हती. बोल्टच्या आट्यांमधून मिळेल तेवढी चिंचोळी वाट ती धरत होती. दिव्यांना तेवढी पुरत होती, सोलेनॉइडलाही पुरत होती, सेल्फला पुरत नव्हती. रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडला जातो, थिंबल बसते, चावी फिरते.

जुनी बॅटरी चांगली होती. सेल्फचे जुने कार्बनही अजून वर्षभर चालले असते. नवी बॅटरी आता परत घेणार कोण? ती केबिनमधल्या दिव्यांना जोडली जाते, आणि इतकी वर्षं राहून गेलेलं एक काम चुकून का होईना, पार पडतं: सेल्फची बॅटरी वेगळी होते.